चारही बटणं दाबण्याआधी

आमचं गाव २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत गेलं. त्या वेळी एकदम तेवीस गावं घेतली, त्यातलं सिंहगड रस्त्याच्या बाजूचं हे एक. ग्रामपंचायत बरखास्त झाली आणि आम्ही निवडून दिलेला माणूस कुठेच उरला नाही. पालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली, पुढे प्रशासक आले, आणि निवडणूक लांबत लांबत पार २०२६ पर्यंत गेली. या सगळ्या काळात पाण्याची तक्रार असो की तुंबलेलं ड्रेनेज, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची. ग्रामपंचायत असताना निदान सदस्याच्या दारात जाऊन उभं राहता येत होतं.

त्यामुळे १५ डिसेंबर २०२५ ला राज्य निवडणूक आयोगाने एकोणतीस महापालिकांचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा आमच्या सोसायटीत खरोखर आनंद झाला. महापालिकेसाठी आमच्या गावाचं हे पहिलंच मत. ते मी दारात पडलेल्या पत्रकावरचा हसरा फोटो बघून देणार नव्हते. उभं कोण राहतंय, तो माणूस आजवर काय करत आला, आणि आमच्या पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, रस्त्यांबद्दल त्याचं नेमकं म्हणणं काय, हे स्वतः शोधायचं मी ठरवलं. इमारतीतल्या आणखी काही जणी आणि एक निवृत्त अभियंते काका सोबत आले.

पहिली अडचण वेळेची. अर्ज भरायचे दिवस २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार २ जानेवारीपर्यंत, चिन्हं आणि अंतिम यादी ३ तारखेला, प्रचार १३ च्या संध्याकाळी बंद आणि मतदान १५ ला. म्हणजे अंतिम यादी हाती आल्यापासून मतदानापर्यंत दोन आठवडेसुद्धा मिळत नाहीत. त्यात ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, कोणाच्या हातात पडणार हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नव्हतं. आमच्या चौकात महिनाभर ‘भावी नगरसेवक’ म्हणून झळकलेले काही जण यादीत नव्हतेच, आणि ज्यांचं नाव कोणी ऐकलं नव्हतं असे काही जण होते.

दुसरी अडचण प्रभागाच्या रचनेची, आणि माझ्या मते ती जास्त गंभीर आहे. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा. एक प्रभाग पाच जणांचा, बाकीचे चार जणांचे. आमच्या प्रभागातही अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणजे प्रत्येक मतदाराला चार मतं. विधानसभेला एका माणसाची पारख करायची असते, इथे चार स्वतंत्र लढतींतल्या सगळ्यांची करायची. पक्षांनी यावर सोपा उपाय काढलेला आहे. ‘पॅनेल टु पॅनेल’. चारही ठिकाणी एकच चिन्ह शोधा, बटण दाबा, मोकळे व्हा. प्रचाराला येणारा प्रत्येक जण हेच सांगत होता. एकदा मी दारात आलेल्या कार्यकर्त्याला विचारलं, “दादा, तुमच्या क जागेच्या उमेदवार आधी काय करत होत्या?” त्याला त्यांचं आडनाव आठवेना. तो मुलगा प्रामाणिक होता, दिवसभर उन्हातान्हात फिरत होता, पण त्यालासुद्धा त्या चौघांपैकी एकच माणूस माहीत होता. चार जागांच्या प्रभागात एका वजनदार नावामागे तीन अनोळखी नावं निवडून येऊ शकतात, आणि पुढची पाच वर्षं सभागृहात मत त्या तिघांनाही असतं.

म्हणून आम्ही शपथपत्रांपासून सुरुवात केली. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. पालिकेच्या निवडणुकीतही अर्जासोबत शपथपत्र द्यावंच लागतं. त्यात शिक्षण, उत्पन्नाचं साधन, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे हे सगळं असतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती बघायला मिळतात. बऱ्याच प्रती स्कॅन केलेल्या, काही हाताने लिहिलेल्या, काहींचा शिक्का मजकुरावरच पडलेला. काकांनी लॅपटॉपवर मोठं करून एकेक ओळ वाचली आणि मी वहीत उतरवून घेतली.

गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल सविस्तर सांगते, कारण तिथे घाईने वाचणारा हमखास फसतो. आमच्या प्रभागात दोन उमेदवारांच्या नावापुढे ‘प्रलंबित गुन्हे: १’ असं होतं. व्हॉट्सॲपवर जी यादी फिरत होती तिच्यात दोघंही एकाच रांगेत, ‘गुन्हे दाखल असलेले उमेदवार’ म्हणून. शपथपत्रात कलमं लिहिलेली असतात. एकाच्या पुढे भारतीय दंडसंहितेचं ४२० होतं, जमिनीच्या व्यवहारातल्या फसवणुकीचा आरोप. दुसऱ्या उमेदवार बाईंच्या पुढे १४३, १८८ आणि ३४१. आमच्या इमारतीतल्या वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हा रास्ता रोकोचा गुन्हा आहे. बेकायदा जमाव, आदेशाचा भंग, रस्ता अडवणं. नंतर कळलं की काही वर्षांपूर्वी गावात टँकर येणंसुद्धा थांबलं होतं, तेव्हा हंडे घेऊन रस्त्यावर बसलेल्या बायकांमध्ये त्या होत्या. दोन्ही खटले न्यायालयात आहेत आणि दोषी कोणीच ठरलेलं नाही. पण मत देताना या दोन गोष्टींचं वजन मी सारखं धरू शकत नाही, आणि ‘गुन्हे: १’ एवढंच छापणारी यादी मला तेच करायला लावत होती.

मालमत्तेचे आकडे बघून आमच्यातल्या बऱ्याच जणींचे डोळे विस्फारले. माझं मत असं की या भागात नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ज्यांची वडिलोपार्जित शेती होती त्यांच्या जमिनीला गेल्या वीस वर्षांत सोन्याचा भाव आला; त्यात त्यांचं कर्तृत्वही नाही आणि गुन्हाही नाही. बघायचं ते उत्पन्नाच्या साधनाकडे. रोजचा पैसा कुठून येतो? एका उमेदवाराच्या शपथपत्रात ‘शेती व पाणीपुरवठा व्यवसाय’ असं लिहिलं होतं, आणि वाहनांच्या रकान्यात टँकर होते.

आमच्या भागात पाणी हा एकच प्रश्न आहे, बाकीचे त्याच्या मागून येतात. खडकवासला धरण इथून जवळ, त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. त्यावर अख्खं शहर चालतं, आणि धरणाच्या पायथ्याची समाविष्ट गावं टँकर मोजतात. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा पाण्याचे नमुने, विहिरीतलं क्लोरीन, खासगी आरओ प्लँट हे शब्द घराघरात रोज ऐकू यायला लागले. आमच्याच रस्त्यावरच्या एका तरुण मुलाला उभं राहता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून आम्ही पाणी उकळूनच पितो. तर टँकरचा व्यवसाय असलेला माणूस नळाच्या पाण्यासाठी सभागृहात भांडेल का, हा प्रश्न विचारणं मला अजिबात खवचटपणा वाटत नाही.

तो विचारायचा कुठे? दारावर येणारा उमेदवार हात जोडतो, काकूंच्या पाया पडतो आणि मिनिटभरात पुढच्या मजल्यावर जातो. म्हणून आम्ही आजूबाजूच्या सोसायट्यांना सोबत घेऊन सगळ्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवायचं ठरवलं. आचारसंहिता असल्यामुळे जागा, माईक, वेळ या सगळ्याची रीतसर परवानगी लागते. सोसायटीच्या काही सभासदांचा विरोध होता. “उद्या कामं अडवली तर?” ही भीती अनेकांनी बोलून दाखवली. ती भीती खरी आहे. ज्या माणसाकडे उद्या टँकरसाठी फोन करावा लागणार आहे त्याला आज प्रश्न विचारणं सोपं नसतं. शेवटी असं ठरलं की प्रश्न कोणा एकाच्या नावाने जाणार नाहीत. सगळ्यांना तेच प्रश्न, एकाच कागदावर, आधी पाठवलेले.

प्रश्न ठरवण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला. पहिल्या कच्च्या यादीत नवले पुलावरचे अपघात सगळ्यात वर होते. साहजिकच होतं. १३ नोव्हेंबर २०२५ ला तिथे कंटेनरने गाड्या चिरडल्या, आठ जणांचा जीव गेला, आणि आमच्यातले निम्मे लोक रोज त्याच उतारावरून जातात. काका म्हणाले, तो महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे. नगरसेवक पाठपुरावा करेल, पण निर्णय त्याच्या हातात नाही. तसंच बांधकाम परवानग्यांचं. तेवीस गावांसाठी नियोजनाचा अधिकार सरकारने २०२१ मध्ये पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिला, म्हणजे टॉवरला परवानगी एकाने द्यायची आणि त्या टॉवरला पाणी दुसऱ्याने पुरवायचं. हे समजल्यावर आम्ही निकष लावला. नगरसेवक सभागृहात, स्थायी समितीत, प्रभाग समितीत किंवा स्वतःच्या निधीतून जे करू शकतो त्याच्याबद्दलच विचारायचं. नाहीतर उत्तर म्हणून फक्त आश्वासन मिळतं आणि ते पाळलं नाही तरी कोणाला धरता येत नाही.

अशी छाननी करता करता चार प्रश्न उरले. साठवण टाक्या आणि जलवाहिन्यांचं काम आमच्या भागात कुठे अडलंय आणि तुम्ही अंदाजपत्रकात काय मागणार? ‘स’ यादीतला निधी कशावर खर्च कराल? क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, घ्याल का? आणि अनधिकृत बांधकामावर किंवा फुटपाथवरच्या अतिक्रमणावर कारवाई आली तर तुम्ही काय कराल?

‘स’ यादीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्याने पालिकेत आलेल्या आमच्यासारख्यांना ती माहीतच नसते. पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं या यादीत येतात. २०२५-२६ चं एकूण अंदाजपत्रक बारा हजार सहाशे कोटींच्या वर होतं. त्यात हा वाटा लहान, पण नगरसेवकाची आवड-निवड खरी दिसते ती इथेच. शहराच्या जुन्या भागात या निधीतून नावं घातलेले बाक, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या, स्वागतकमानी यांच्यावर वर्षानुवर्षं खर्च झालेला आहे. आमच्याकडे अजून ड्रेनेजच्या चेंबरना झाकणं नाहीत. पहिल्या वर्षी कमान उभी राहिली तर आम्हाला ती रोज बघावी लागणार.

कार्यक्रमाला सगळे आले नाहीत. काहींनी ‘सभा आहे’ असं कळवलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. न येणं हेही एक उत्तर असतं आणि आम्ही ते तसंच नोंदवलं. जे आले त्यांतल्या दोघांबद्दल लिहिते.

टँकरवाले उमेदवार आले, हे मी त्यांच्या बाजूने मोजते. करोनाच्या काळात त्यांनी काही वस्त्यांवर फुकट पाणी दिलं होतं, ते सांगणारे लोक सभेतच बसले होते. पाण्याच्या प्रश्नावर ते म्हणाले, “टँकर ही लोकांची सोय आहे. नळ येईल तेव्हा येईल, तोवर माणसांनी काय करायचं?” काकांनी शांतपणे विचारलं, “भाऊ, नळ यावा म्हणून तुम्ही सभागृहात काय मागणार?” उत्तर पुन्हा टँकरच्या फेऱ्या वाढवण्यावर गेलं. मग एका मुलीने विचारलं, की पालिकेशी कंत्राटात हितसंबंध असला तर महापालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकपद जाऊ शकतं, तुमचे टँकर पालिकेच्या कामावर आहेत का? ते म्हणाले, “सगळं कायदेशीर आहे.” याच्या पुढे ते गेले नाहीत. माणूस मदतीला धावणारा आहे यात मला शंका नाही. पण नळ आला की ज्याचा धंदा बसतो, त्याच्याकडून नळाची मागणी लावून धरण्याची अपेक्षा मी करू शकत नाही, आणि त्या संध्याकाळी त्यांनी ती अपेक्षा ठेवण्याजोगं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या त्या ताई, रास्ता रोकोच्या गुन्ह्यातल्या. शिक्षण बारावी, घर गावठाणात, पतसंस्थेचं कर्ज, एक दुचाकी. पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. पत्रकावर त्यांचा फोटो सगळ्यात लहान होता, चौथ्या कोपऱ्यात. माईक हातात घेताना त्या अवघडल्या होत्या, आणि पाण्यावर बोलायला लागल्यावर ते सगळं गेलं. टाकीसाठी कुठली जागा बघितली आहे, ती कशामुळे ताब्यात आलेली नाही, टाकी झाली तरी तिथून आमच्या वस्तीपर्यंतची वाहिनी अजून कागदावरच आहे, मधे एक ओढा ओलांडावा लागतो आणि त्यासाठी वेगळा खर्च धरलेला नाही, हे त्यांनी हाताच्या बोटांवर मोजून सांगितलं. “नुसती टाकी मागू नका. टाकी दाखवून लोकं फोटो काढतील. वाहिनी मागा.” काका आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्याच कामात होते, ते माझ्या कानाशी म्हणाले, “बाईंना कळतंय.”

चौथ्या प्रश्नावर मात्र त्या थांबल्या. गावकी-भावकीच्या गावात हा प्रश्न किती अवघड आहे हे बाहेरून आलेल्या आम्हा फ्लॅटवाल्यांना पटकन कळत नाही. ज्या पत्र्याच्या शेडवर कारवाई येईल ती चुलत्याची असते, आणि त्या शेडच्या भाड्यावर एखादं घर चालत असतं. थोडा वेळ जाऊन त्या म्हणाल्या, “कारवाई थांबवा म्हणून मी फोन करणार नाही. पण मी स्वतः होऊन कोणाची तक्रारही देणार नाही. खोटं कशाला बोलू?” सभेत कुजबुज झाली. काही जणांना हे उत्तर अर्धवट वाटलं. मला वाटलं, सगळ्या संध्याकाळीत ज्याच्यावर उद्या बोट ठेवून विचारता येईल असं हे एकच वाक्य आहे. सभागृहाचं कामकाज, उपसूचना, स्थायी समितीच्या सोळा जणांचं गणित यातलं त्यांना फारसं माहीत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ते शिकता येतं. वाहिनी कुठे अडलीय हे त्या जागेवर राहिल्याशिवाय कळत नाही.

कार्यक्रमानंतर आम्ही सगळी उत्तरं एका पानावर मांडली. कोणाला मत द्या असं एक अक्षरही लिहिलं नाही. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकाखाली उमेदवार, शपथपत्रातल्या मुख्य नोंदी, चार प्रश्नांची चार उत्तरं, आणि जे आले नाहीत त्यांच्यापुढे ‘उत्तर मिळालं नाही’. ते पान आसपासच्या इमारतींत फिरलं. एका उमेदवाराच्या माणसांनी येऊन जरा दमात घेऊन विचारणा केली, तेव्हा आम्ही त्यांना त्यांच्याच नेत्याचं शपथपत्र दाखवलं. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चारपैकी एकच मत दिलं तरी चालतं. तसं नाही. चारही जागांवर मत नोंदवावं लागतं. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबायचं. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची पिवळसर, ड ची निळसर, आणि चौथं मत झाल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. आजींनी आमचं पान घडी करून बटव्यात ठेवलं होतं. केंद्रात ते नेता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी चारही जागांचा क्रम पुन्हा एकदा तोंडपाठ म्हणून घेतला. त्यांनी कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. माझी चार मतं एकाच चिन्हाला गेली नाहीत, एवढं सांगते.

१६ जानेवारीला निकाल लागला. पॅनेलचं गणित बऱ्याच अंशी चाललंच. मी ज्यांना मत दिलं त्यातले सगळे काही निवडून आले नाहीत. तरी आमचं पान अजून कामाला येतं आहे. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन क्षेत्रसभेची तरतूद झाली: काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले मतदार सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष. शहरात ती क्वचितच भरते. आमच्या सभेला आलेल्या प्रत्येकाने ती घेण्याचं कबूल केलं होतं, म्हणून निवडून आलेल्या चौघांनाही आम्ही एकच पत्र दिलं आहे, सोबत त्यांची त्या दिवशीची उत्तरं जोडून. दोघांनी स्वतःच्या हाताने पोच दिली. बाकी दोघांच्या कार्यालयात पत्र ठेवून आलो.

निवडणूक खर्चाचे हिशेबही मागायचे आहेत. पुण्यात उमेदवाराला पंधरा लाखांची मर्यादा होती, आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज काकांनी लिहायला घेतला आहे.